हात कुठे ठेवू?

मेणवलीच्या घाटावर सकाळी पावणेसातला गुरुजी उभे होते ते थेट झेंडावंदनाला उभे राहावं तसे. टाचा जुळलेल्या, छाती पुढे, मुठी मांड्यांना चिकटलेल्या. शेजारी त्यांची होणारी बायको. दोघांच्या मधे तिसरं माणूस आरामात मावेल एवढी जागा. डिसेंबरचा महिना, कृष्णेच्या पाण्यावरून वाफा निघतायत, उजेड असा की घाटाचा दगडही देखणा दिसावा. आणि माझ्या कॅमेऱ्यात काय, तर दोन पासपोर्ट साइज फोटो शेजारीशेजारी.

"ताई, हात कुठे ठेवू?" गुरुजींनी विचारलं.

हा प्रश्न मी बारा वर्षं ऐकतेय. शिक्षक विचारतात, इंजिनिअर विचारतात, एकदा एका फौजदारांनीही विचारला होता. कसं हसू, कुठे बघू, हे सगळं नंतर. आधी हात. एरवी हातांकडे कुणाचं लक्ष नसतं. ते बिचारे पिशव्या उचलतात, डोकं खाजवतात, मोबाइल धरतात. कॅमेरा समोर आला की माणसाला साक्षात्कार होतो, आपल्याला दोन हात आहेत, दोन्ही रिकामे आहेत आणि ते खांद्यापासून नुसते लोंबतायत.

मी साताऱ्यात राहते. लग्नाचे आणि लग्नाच्या आजूबाजूचे फोटो काढते. साखरपुडा, प्री-वेडिंग, हळद, डोहाळजेवण, बारसं, एकसष्टी. येणारी बहुतेक जोडपी पहिल्या फोनवरच सांगून टाकतात, "आम्हाला फोटोची सवय नाही हं." प्रत्यक्षात त्यांच्या मोबाइलमध्ये सेल्फींचा ढीग असतो. तरी ती खोटं बोलत नसतात. सेल्फी काढताना निदान एक हात तरी कामात असतो.

स्वतःचं सांगायचं तर मीही त्यातलीच. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मी सप्तपदी चालतेय की बँकेने कर्ज नाकारल्याचं ऐकतेय, ते कळत नाही. नवऱ्याने तो अल्बम पाहुण्यांपुढे काढणं पहिल्याच वर्षी बंद केलं.

धंदा शिकले ते साताऱ्यातल्या एका जुन्या स्टुडिओत. तिथे काका होते. मागे रंगवलेला पडदा, पुढे छत्र्या लावलेले दोन दिवे, मधे एक स्टूल. जोडपं आलं की न्हाव्याने धरावी तशी काका नवऱ्याची हनुवटी दोन बोटांत धरून फिरवायचे. "खाली. अजून खाली. बास. खांदा सैल. बाई, तुम्ही जरा आत सरका. लाजताय काय, मालक तुमचेच आहेत. श्वास धरा... हां!" धप्पकन फ्लॅश उडायचा. मग दोघंही एकदम श्वास सोडायची आणि त्या सुटलेल्या श्वासाबरोबर एकमेकांकडे बघून असं काही हसायची की मला वाटायचं, काका, आत्ता! आत्ता दाबा! पण काका तोवर पावती फाडायला वळलेले असायचे.

श्वास धरायला लावणं हा काही काकांचा शोध नव्हता. ते फार मागून आलेलं आहे. १८३९ मध्ये फोटोची कला जगापुढे आली तेव्हा माणसाला उन्हात कितीतरी मिनिटं बसवून ठेवावं लागे. डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी आकडा लावत, समोरून दिसणार नाही असा. आपल्याकडे ही कला लवकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण ही माणसं त्या काळात मुंबईत कॅमेरा चालवत होती. तोवर फोटो रसायन लावलेल्या ओल्या काचेवर निघू लागला होता आणि मिनिटांवरून काम सेकंदांवर आलं होतं, पण ते सेकंदही हसू धरून ठेवायला फारच. बघा प्रयत्न करून, खोटं हसून मनात पाचपर्यंत मोजा. चौथ्या आकड्याला गाल थरथरायला लागतात. त्यापेक्षा गंभीर बसलेलं बरं. पणजोबांच्या फोटोतला तो दरारा, ज्याला घाबरून आपण लहानपणी माजघरातून पळत जायचो, त्यातला निम्मा तरी त्या काचेचा असणार. पुढे कोरड्या काचा आल्या, फिल्म आली, डिजिटल आलं, सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात फोटो निघू लागला. श्वास धरायची सवय तेवढी राहिली.

मी स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा काकांसारखं करायचं नाही एवढं पक्कं होतं. काय करायचं ते मात्र ठाऊक नव्हतं. मग मी केलं त्याहून वाईट.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. ठरवून जमलेलं लग्न, साखरपुडा होऊन महिना झालेला, दोघं एकमेकांना चारदा भेटलेली आणि चारही वेळा घरच्यांसकट. प्री-वेडिंग हवं हा हट्ट मुलाच्या बहिणीचा. एका रिसॉर्टवर गेलो. माझ्या फोनमध्ये पोझचे पन्नासेक फोटो साठवलेले. कपाळाला कपाळ, कमरेभोवती हात, मागून मिठी. एकेक दाखवत गेले, ती दोघं एकेक करत गेली. मुलाच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. मुलगी दर दोन मिनिटांनी माझ्या हाताखालच्या पोराकडे बघत होती; तो बिचारा रिफ्लेक्टर धरून उभा, त्यालाही कुठे बघावं कळेना. आणि मी काय म्हणावं? "अहो, लाजताय काय? आता नवरा-बायकोच होणार ना!"

काकांचंच वाक्य, फक्त कपडे बदललेले.

घरी येऊन फोटो उघडले. चारशेवर होते. प्रत्येकात त्या मुलीचे खांदे कानांपर्यंत चढलेले. चेहरा हसतोय, ओठ बरोबर, दात बरोबर, आणि खांदे वर. कुणी मागून गार पाणी ओतणार आहे असं वाटावं. त्यांनी दोनच फोटो वापरले. लग्नाच्या दिवशी तिचा मेकअप चालू असताना मी फोटो काढत होते, तेव्हा ती आरशातूनच मला म्हणाली, "ताई, त्या दिवशी मला वाटलं, माझ्यातच काहीतरी कमी आहे." मी काय उत्तर दिलं आठवत नाही. बहुतेक काहीच नाही. करवल्या गजरे घेऊन आत आल्या आणि विषय बुडाला.

अलीकडे काही समाजांच्या बैठकांत प्री-वेडिंग बंद करण्याचे ठराव होतात. असले ठराव माणसांच्या खासगी गोष्टींत किती शिरावेत याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, आणि त्यात माझ्या पोटाचाही प्रश्न आहे. पण तक्रारीतला एक भाग मला पटतो. आपल्या घरांत नवरा-बायकोने चारचौघांत एकमेकांचा हातही धरायचा नाही अशी वळणं. आई-वडिलांना आपण एका सोफ्यावर टेकून बसलेलं पाहिलेलं नसतं. अशा घरातल्या मुलीला सकाळी सातला, एका अनोळखी बाईसमोर आणि तिच्या पोऱ्यासमोर, "जवळ या, अजून जवळ, आता डोळ्यांत बघा" म्हणायचं आणि ती आखडली की कॅमेऱ्याला लाजते म्हणायचं! कॅमेऱ्याचा दोष त्यात थोडा आहे. आपण जे करायला सांगितलं त्याचा जास्त.

तर गुरुजी.

गुरुजी झेडपीच्या शाळेत शिकवतात. चाळीस पोरांपुढे त्यांचा आवाज कसा लागत असेल ते त्यांच्या "नमस्कार" वरून कळत होतं. होणारी बायको वाईला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. ती त्यांच्याशी बोलताना एक गंमत करत होती, तिच्याही लक्षात न येता. हाकच मारत नव्हती. फोनवर 'अरे' चालत असणार, सासूबाईंसमोर 'अहो' ठरलं असणार, आणि माझ्यासमोर काय, ते ठरलेलं नव्हतं. म्हणून मग "इकडे बघायचंय म्हणे", "पाणी हवंय का" अशी कर्ता गाळलेली वाक्यं. लग्न ठरलेल्या मुलींची ही भाषा मी चांगली ओळखते. चारसहा महिने टिकते.

पंधरा मिनिटं झाली तरी गुरुजींची मूठ सुटेना. मी म्हणाले, "सर, रिलॅक्स. एकदम रिलॅक्स." ते आणखी ताठ झाले.

तेव्हा ती म्हणाली, "ताई, एक सांगू? तुम्ही ते रिलॅक्स म्हणू नका. आम्ही पेशंटला कधी 'घाबरू नका' म्हणत नाही. म्हटलं की ज्याला भीती नसते त्यालाही वाटतं, म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे."

"मग काय म्हणता?"

"गाव विचारते. कुठले, ऊस गेला का, जत्रा कधी. आणि मूठ आवळायला लावते. शीर दिसायला म्हणून, पण हाताला काम मिळालं की माणूस सुईकडे बघत नाही. तो गावाचं सांगेस्तोवर माझं झालेलं असतं."

मी कॅमेरा खाली घेतला. बारा वर्षं चाचपडत मी जे थोडंफार गोळा केलं होतं ते हिने सुई टोचण्याच्या गोष्टीत सांगून टाकलं होतं.

मेणवलीचा घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक असेल, वर नाना फडणवीसांचा वाडा आहे, खाली नदीकाठी देवळं आणि त्यांच्याजवळ एका छोट्या दगडी चौकटीत मोठी घंटा टांगलेली. घंटा मूळची पोर्तुगीजांची. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हाच्या विजयाची खूण. महादेवाच्या देवळाजवळ टांगलेल्या त्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. मी दोघांना म्हणाले, "फोटो राहू दे. त्या घंटेवर एक बाई आहे, कडेवर लेकरू. कुठल्या बाजूला आहे ते शोधून सांगा."

दोघं गेली. गुरुजी एका बाजूने वाकले, ती दुसऱ्या बाजूने. "इकडे काही नाही." "मग तिकडून बघायचं." गुरुजींनी घंटेवरची धूळ बोटाने पुसली, बोटाकडे बघितलं आणि घातलेल्या पांढऱ्याशुभ्र झब्ब्याला न लावता कुठे पुसावं या विचारात पडले. तिने न बोलता पर्समधला रुमाल पुढे केला. दोघांच्या मधे आता तिसरं माणूस मावलं नसतं, पण ते त्यांच्या गावीही नव्हतं. मी बऱ्याच लांब होते, मोठी लेन्स लावून.

मग मी सांगितलं, घाटाच्या पायऱ्या मोजा, दोघांनी वेगवेगळ्या, मनात. नुसतं "चाला" म्हटलं की लोक चालायचं विसरतात; उजवा पाय आणि उजवा हात एकदम पुढे जायला लागतो. मोजायला लावलं की पाय आपोआप चालतात. खाली पाण्यापर्यंत जाऊन वर आली तेव्हा त्यांच्या आकड्यांत तीनचा फरक.

"मी मोजलेलं बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. शेवटी गुरुजीच ते.

"अरे, वरची ती तुटकी धरली नाहीस तू! चुकलास!"

'अरे' निघून गेलं तोंडातून. तिने जीभ चावली, माझ्याकडे पाहिलं, मग वाड्याकडे, जणू सासूबाई तिथून ऐकत असाव्यात. आणि गुरुजी, ज्यांची मूठ मघाशी सुटत नव्हती, ते दोन्ही हात वर करून म्हणाले, "बरं बाई, शरण!" हात कुठे ठेवायचे हा प्रश्न त्यांनी त्यानंतर विचारला नाही. शेवटी मी उखाणा घ्यायला लावला, तोही त्यांना. मुलींचे उखाणे तयार असतात, मोबाइलवरून पाठ केलेले. मुलं मात्र तिथल्या तिथे जुळवायला बसतात आणि ते जुळवणं बघण्यासारखं असतं. गुरुजींनी नदीकडे बघत ओठ हलवले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "कृष्णेच्या घाटावर पायऱ्या मोजल्या नीट," मग तिचं नाव घेतलं, "आणि फोटोंचा आता आलाय मला वीट." ती इतकी हसली की खाली बसली. ते फोटो थोडे हलले आहेत. माझाही हात हलत होता.

खोटं हसणं आणि खरं हसणं यात फरक काय, हे एका फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्ये लिहून ठेवलंय. द्युशेन त्याचं नाव. ओठांची टोकं वर ओढणारा स्नायू आपल्या हुकुमात असतो, म्हणून 'स्माइल प्लीज' म्हटलं की तो कामाला लागतो. डोळ्याभोवतीचा गोल स्नायू मात्र, त्याच्या मते, हुकुमाला सहसा दाद देत नाही. आतून हसू आलं की तो आवळतो. मी फोटो निवडताना तोंड झाकून बघते. खरंच, स्क्रीनवर अंगठा ठेवून. डोळे एकटे हसतायत का? नसतील तर तो फोटो बाद. त्याच्याबरोबर खांदेही बघते. हे त्या मुलीने शिकवलं.

लांबून काढायचं हे मात्र सगळ्यांना लागू पडत नाही. काही जोडप्यांना लांबचा कॅमेरा जास्त सलतो, पाळत ठेवल्यासारखा. त्यांच्याजवळ बसून, गप्पा मारत, मधेच एखादा काढलेला चालतो. कोणतं जोडपं कुठलं, हे आधीच्या चहात कळतं. म्हणून चहा मी चुकवत नाही, आणि तो टपरीवर उभ्याने, कारण टपरीवर माणसाच्या हातात ग्लास असतो. बरोबर आलेल्या मावसबहिणींना आणि मित्रांना मात्र वडापाव आणायला पाठवते, शक्यतो लांबच्या गाडीवर. 'ए, काय हिरो!' असं ओरडणारा एक मित्र माझ्या दीड तासाच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकतो.

पूर्वी मी एक लबाडी करायचे. "आत्ता फक्त उजेड बघतेय, काढत नाहीये," असं म्हणून काढत राहायची. फोटो चांगले यायचे, पण नंतर अल्बममध्ये ते बघून एकीने विचारलं, "हा कधी काढला? तुम्ही तर नाही म्हणालात." तिने रागाने विचारलं नव्हतं, तरी मला लागलं. तेव्हापासून सरळ सांगते, पहिले पन्नास मी काढणार आणि तुमच्यासमोर पुसणार. आणि पुसते. दोघांना जवळ बोलावून एकेक उडवते. त्यात एखादा बरा निघतो तेव्हा जीव हळहळतो, पण दिलेला शब्द दिलेला. पुसताना दोघं वाकून बघतात आणि "अहो हा ठेवा ना" म्हणतात. मी ठेवत नाही. पुढचे चांगले येतात असा माझा अनुभव आहे. का येतात ते नक्की सांगता येणार नाही, बहुधा वाईट दिसून झालेलं असतं म्हणून.

फोटोत आपण आपल्यालाच आवडत नाही, ही तक्रारही जुनीच. तिच्यामागे एक साधं कारण आहे आणि मी ते जोडप्यांना आवर्जून सांगते. आपण स्वतःला ओळखतो ते आरशातून, म्हणजे उलटं. भांग उजवीकडचा डावीकडे. फोटोत चेहरा सुलटा येतो आणि आपल्याला तो कुणा चुलतभावाचा वाटतो. १९७७ मध्ये अमेरिकेत काही मानसशास्त्रज्ञांनी लोकांना स्वतःचेच दोन फोटो दाखवले, एक सुलटा, एक आरशासारखा उलटा. लोकांना स्वतःचा उलटा जास्त आवडला. त्यांच्या जवळच्या माणसांना विचारलं तर त्यांना सुलटा. एकदा एका मुलीला हे सांगत होते. "मी कशी तिरकी दिसतेय," म्हणत ती प्रत्येक फोटो नाकारत होती. शेजारचा मुलगा, तोवर एक शब्द न बोललेला, म्हणाला, "मला तर अशीच माहितीये." हे वाक्य त्याने पाठ करून आणलेलं नव्हतं, तो तसा मुलगाच नव्हता. त्यानंतर त्या मुलीने एकही फोटो नाकारला नाही.

सगळ्याच युक्त्या चालतात असं नाही. हाल्समन नावाचा एक नामांकित फोटोग्राफर होऊन गेला, तो भल्याभल्यांना कॅमेऱ्यासमोर उडी मारायला लावायचा. रिचर्ड निक्सननी मारली, इंग्लंडची राजगादी सोडलेल्या विंडसरच्या ड्यूकने आणि डचेसने जोडीने मारली. त्याचं म्हणणं असं की उडी मारताना माणसाचं सगळं लक्ष उडीत असतं, चेहऱ्यावरचा मुखवटा गळून पडतो. मी भारावून जाऊन पाचगणीच्या टेबललँडवर एका जोडप्याला उड्या मारायला लावल्या. दुसऱ्या उडीला नवरदेवाच्या पँटची शिवण उसवली. आता इथे खरं तर सगळे पोट धरून हसले आणि बर्फ फोडल्यासारखं झालं, असं लिहायला हवं. तसं काही झालं नाही. ती हसली, मी हसले, घोडेवाले तर फारच हसले. तो मात्र तिची ओढणी कमरेला गुंडाळून उरलेला तास असा बसला की मुखवटा गळणं सोडा, वर आणखी एक चढला. ड्यूकचं ठीक आहे. त्याला त्याच पँटवर टेबललँडवरून गाडीपर्यंत चालत जायचं नव्हतं.

तरुण जोडप्यांचं एवढं सांगितलं, पण कॅमेऱ्याला सगळ्यात जास्त आखडलेले मी पाहिले ते वाईच्या गणपती आळीतले एक आजोबा. सहस्रचंद्रदर्शन होतं. हजार पौर्णिमा म्हणजे साधारण ८० वर्षं आणि १० महिने. मुलाने पुण्याहून येऊन सगळं नेमकं मोजून ठरवलेलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मला बोलावलं, दोघांचा एक चांगला फोटो हॉलमध्ये लावायला हवा म्हणून.

आधीचा एक फोटो होता, १९६६ चा, लग्नानंतर स्टुडिओत काढलेला. आजोबा खुर्चीवर, पंजे गुडघ्यांवर पालथे. आजी शेजारी उभ्या, एक हात खुर्चीच्या पाठीवर. खांद्यावर नाही, खुर्चीच्या पाठीवर. मी आजोबांना झोपाळ्याजवळच्या खुर्चीत बसवलं तर पंजे गेले थेट गुडघ्यांवर, पालथे. पाठ ताठ. नजर माझ्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीवर.

"आजोबा, जरा सैल बसा ना." रिलॅक्स म्हणाले नाही, एवढं शिकले होते.

आजी म्हणाल्या, "नाही बसायचे. तेव्हाच्या फोटोवाल्याने सांगितलंय हलू नका म्हणून. अजून ऐकतायत."

मुलगा सांगत होता, बाबा हात आईच्या खांद्यावर ठेवा, नात अमेरिकेतून व्हिडिओवर सांगत होती, आजोबा स्माइल. आजोबांचा हात अर्ध्यापर्यंत उठला आणि परत गुडघ्यावर गेला. मी मुलाला म्हणाले, तुम्ही जरा उद्याच्या मांडवाचं बघून या. व्हिडिओही बंद झाला. वाड्यात दुपारची सामसूम झाली.

आजींनी मनाने घेतलं होतं, उद्याच्या औक्षणाला हजार वाती आपल्या हातच्या हव्यात. तीनशे राहिल्या होत्या. "तुझं होईस्तोवर मी चार वळते," म्हणत त्या पाट घेऊन खाली बसल्या. कापसाचा ढीग, एका वाटीत राख. बोट राखेत टेकवायचं, कापसाची पेळू तळहाताच्या कडेवर घ्यायची, एकदाच ओढून वळायची; वात पडली ताटात. पुन्हा राख, पुन्हा ओढ. मी बघत बसले. वातीला हात लावायची माझी हिंमत नव्हती.

"अहो, तेवढी सरकी काढून द्या, माझी नखं गेली आता," आजी म्हणाल्या.

आजोबांचे पंजे गुडघ्यांवरून उठले. ते खुर्चीतून खाली पाटावर आले, दोन टप्प्यांत, एक हात खुर्चीवर टेकवत. कापूस मांडीवर घेतला आणि सरकी काढायला लागले. एकेक बी बाजूच्या वाटीत टाकायचे, टप्प आवाज येई. कापूस बोटांनी विलग करून तिच्यापुढे ठेवायचे. बोलणं चाललं होतं, पण माझ्याशी नाही आणि फोटोबद्दल तर मुळीच नाही. आचाऱ्याला जिलबी सांगितली का. धाकट्या वन्संना न्यायला कोण जाणार. आजोबांना ऐकू कमी येतं म्हणून आजी प्रत्येक वाक्य दोनदा म्हणत होत्या, दुसऱ्यांदा थोड्या चिडून.

कापसाचा एक पुंजका उडून आजोबांच्या भुवईवर बसला. त्यांना कळलं नाही. आजींनी बघितलं, राखेचं बोट पदराला पुसलं आणि हात लांब करून तो टिपला. आजोबांनी डोळे मिटले. तोंड पुसून घेताना लहान पोर मिटतं तसे, पुरते, चेहरा जरासा पुढे करून.

मी एकच फोटो काढू शकले. आवाज बंद ठेवला होता.

मुलाने हॉलसाठी दुसऱ्या दिवशीचा निवडला, शाल-श्रीफळ घेतलेला, पंजे गुडघ्यांवर. या फोटोबद्दल म्हणाला, "छान आहे, पण बाबांचे डोळे मिटलेत हो." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही; हॉलमध्ये लोक येतात-जातात. मी तो वेगळा छापून आजींना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी उजेडात धरला, बराच वेळ बघितला. मी वाट बघत होते. मग त्यांनी खालच्या कोपऱ्यातल्या ताटावर बोट ठेवलं.

"ही वात जाड झालीय बघ."